दामारिस आजारी असेपर्यंत

वॉटफर्डहून आमची गाडी सुटेपर्यंत मुक्तानं मला तीनदा विचारलं, "बाबा, नक्की जायचंय ना? हल्ली फ्युनरल ऑनलाइनपण बघता येतो."

"फ्युनरल अजून सुरू झालेलं नाही," मी म्हटलं. "दामारिस अजून आजारी आहे."

मुक्ता माझी मुलगी. जन्म इथलाच, वय सेहेचाळीस, शाळेत गणित शिकवते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझी स्मरणशक्ती तपासून घ्यायची वेळ आली की काय, असं तिला वाटलं असावं. मग माझी पिशवी स्वतःच उचलून ती डब्यात चढली. "तुमचा बॅग मी घेते. तुम्ही रेलिंग पकडा."

वाचकांनाही हे कोड्यात टाकणारं वाटेल, म्हणून आधी ते सांगतो. दामारिस आमच्या हॉस्पिटलात नर्स होती. इंडोनेशियात सुलावेसी नावाचं बेट आहे, त्याच्या डोंगराळ भागात तोराजा लोक राहतात, त्यांतली ती. धर्मानं ख्रिस्ती, पण जुन्या रीती सोडलेल्या नाहीत. या लोकांत श्वास थांबला म्हणजे माणूस मेला असं धरत नाहीत. तो 'तो मकुला' (आजारी माणूस) होतो. दूरदूरचे नातेवाईक पोचेपर्यंत त्याला घरातच ठेवतात, तिकडे कधी महिने, कधी वर्षंसुद्धा. सकाळी त्याच्या उशाशी कॉफी ठेवतात, संध्याकाळी भात. खोलीत शिरताना त्याला हाक मारतात, बाहेर जाताना सांगून जातात. सगळे जमले, की त्याचा बिछाना फिरवून डोकं दक्षिणेकडे करतात. त्यानंतर तो माणूस मेला.

दामारिसचा नवरा टॉम इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचा, कंब्रियाचा. निवृत्तीनंतर दोघं त्याच्या गावी जाऊन राहिली. बुधवारी टॉमचा फोन आला. "डॉक्टर, दामारिसला गेल्या आठवड्यातल्या मंगळवारपासून बरं नाही," तो म्हणाला. चाळीस वर्षांचा संसार झालेल्या माणसाला बायकोची रीत बरोबर ठाऊक होती. मी जवळच्या खुर्चीत बसलो. "बहिणीला व्हिसा मिळालाय. शनिवारी सकाळी ती पोचेल. दुपारी बारा वाजता बिछाना फिरवायचा आहे, मग पाद्री येतील. तुम्हाला तिला काही सांगायचं असेल, तर त्याच्या आधी या."

मला सांगायचं होतं. तिला मी पूर्वी एक खोटी गोष्ट सांगितली होती. ती आजारी असेपर्यंतच ती दुरुस्त करता येणार होती.

लँकेस्टरला गाडी बदलली आणि प्रदेशही बदलला. दोन डब्यांची लहानशी गाडी समुद्राला चिकटून जाऊ लागली. ओहोटी होती. मैलोन् मैल ओली, राखाडी वाळू, तिच्यात पाण्याच्या वळणावळणाच्या रेघा, आणि त्या सगळ्यावरून गाडी एका लांब, ठेंगण्या पुलावरून सावकाश निघालेली. कोकणातल्या खाडीसारखं वाटलं, फक्त माड नाहीत. पलीकडे डोंगर, त्यांच्या माथ्यावर बर्फाची जुनी पट्टी. फेब्रुवारी संपत आला होता, तरी खिडकीच्या काचेला हात लावला की बोटं बधिर होत.

मुक्तानं डबा उघडला. पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी. समोरच्या बाकावरच्या बाईंनी वास घेत विचारलं, "हे कुठल्या दुकानातलं?" मुक्ता म्हणाली, "माझ्या किचनमधलं," आणि अर्धी पोळी त्यांना देऊन टाकली. मला हे तिचं नेहमी आवडतं. ते तिच्या आईकडून आलं आहे.

खाताना तिनं विचारलं, "बाबा, हे दामारिस आंटी म्हणजे तीच ना, जिनं आजोबा गेले तेव्हा तुम्हाला रोज राइस आणून दिला होता?"

"तीच."

"काका लोकांनी तुमच्यासाठी थांबलं नाही, तेव्हा."

मी बाहेर पाहिलं. बोलायला ही जागा चांगली होती. गाडीत दहा माणसं, मराठी समजणारं एकही नाही. पण मी मेंढ्यांबद्दल बोललो. या भागातल्या मेंढ्या राखाडी अंगाच्या आणि पांढऱ्या तोंडाच्या असतात. पिठात तोंड घालून आल्यासारख्या दिसतात. मुक्ता हसली, आणि ती वेळ निघून गेली.

जे मी तेव्हा बोललो नाही, ते इथे लिहितो.

माझे वडील साताऱ्याला गेले, तेव्हा मी या देशात येऊन दोन वर्षं झाली होती. दुपारची ओपीडी चालू असताना थोरल्या भावाचा, दादाचा, ट्रंक कॉल आला. दामारिसनंच मला फोनपाशी बोलावून नेलं. दादा म्हणाला, "बर्फाची सोय केलीये. परवापर्यंत ठेवता येईल. तू कधी पोचतोस तेवढं सांग." सहा दिवसांनी माझी परीक्षा होती. दोनदा नापास झालो होतो, तिसऱ्यांदा झालो असतो तर नोकरी टिकली नसती. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. मी दादाला म्हटलं, "माझ्यासाठी थांबू नका." त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

फोन ठेवून वळलो, तर दामारिस तिथेच उभी. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. वडील गेले, एवढं मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, "तुम्ही पोचेपर्यंत थांबताहेत ना?" तिच्या लोकांत हा प्रश्न नव्हताच, थांबतातच. तिच्या त्या तोंडाकडे पाहून खरं सांगायला जीभ उचलेना. मी म्हटलं, "नाही. भावानं उरकून घ्यायचं ठरवलंय."

ती रडली. माझ्या वडिलांसाठी या देशात तेवढं एकच माणूस रडलं. पुढचे तेरा दिवस ती रोज माझ्यासाठी घरून भात करून आणत होती. मी तो खाल्ला, अभ्यास केला आणि पास झालो. मग तीच गोष्ट मी बायकोला सांगितली, मुलीला सांगितली, साताऱ्याच्या नातेवाइकांसमोर मान खाली घालून सूचित केली. दादानं कधीच खोडून काढलं नाही. तो खोडत नाही हे ध्यानात आल्यावर तर मीही ती जवळजवळ खरी मानू लागलो.

टॉमच्या गावाचं नाव त्याच्याच इच्छेवरून इथे देत नाही. तिथलं स्टेशन एका फलाटाचं आहे. मला वाटलं, शनिवार आहे, गाडी आपोआप थांबेल. गाडी वेग कमी न करता पुढे गेली. खिडकीतून टॉम दिसला, टोपी हातात घेऊन उभा. त्याचं तोंड उघडं होतं. माझंही.

गार्डबाई धावत आल्या. "आधी सांगायचं ना, लव्ह!" (इकडे कुणालाही असंच म्हणतात.) "या स्टेशनात उतरणाऱ्यानं मला सांगायचं असतं. चढणाऱ्यानं हात करायचा. नाहीतर गाडी थांबत नाही."

"पण तो माणूस उभा होता!" मुक्ता म्हणाली.

"त्यानं हात नाही केला. त्याला कुठे यायचं होतं?"

साडेअकरा वाजून गेले होते. पुढच्या स्टेशनात उतरलो. फलाटावर एक बाक, एक पत्र्याची शेड आणि समुद्रावरून येणारा वारा. परतीची गाडी दीड तासानं. टॉमचा फोन लागत नव्हता. मी दर मिनिटाला घड्याळ पाहत होतो.

"बाबा, इतकं काय? थोडा लेट झाला तर काय होतं?"

"बारानंतर ती गेलेली असेल."

"ती गेलेलीच आहे, बाबा," मुक्ता हळूच म्हणाली आणि स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात घातला.

बारा वाजले. सव्वाबारा झाले. मग एक मळकी व्हॅन वळणावरून आली आणि टॉमनं काच खाली केली. "बसा. कुत्र्याला बाजूला सारा, तो चावत नाही, फक्त श्वास सोडतो."

"टॉम, बारा वाजून गेले."

"मग? तुम्हाला सोडून बिछाना फिरवला असता, तर तिनं उठून माझं कातडं सोललं असतं. पाद्रीबाईंना म्हटलं, चहा घ्या. तिसरा चालू आहे." गिअर टाकत तो पुढे म्हणाला, "आम्ही थांबलोय."

बाकी रस्ताभर मी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून बसलो होतो.

घर दगडाचं, बुटकं. मागे शेत आणि पुढे समुद्र. स्वयंपाकघरात एक कागदाचं चित्र लावलं होतं, दोन्ही टोकांनी आकाशात वळलेल्या छपराचं लाकडी घर. तसल्या घराला 'तोंगकोनन' (कुळाचं मूळ घर) म्हणतात. दामारिसचं ते सुलावेसीतलं घर. तिची धाकटी बहीण एस्तेर सत्तरीची, काटक, सकाळीच पोचली होती आणि आल्याआल्या स्वयंपाकाला लागली होती. 'पापियोंग' (बांबूच्या नळीत शिजवलेलं मांस) करायचं होतं. टॉमनं त्यासाठी गार्डन सेंटरमधून बांबू आणून ठेवले होते, करंगळीएवढे.

"हा वाटाणे लावायचा बांबू आहे," एस्तेर मला तक्रारीच्या सुरात म्हणाली. तिचं इंग्रजी तुटक पण धारदार होतं. "याच्यात मी काय भरू? मुंग्या?"

"दुकानात तिला तोच आवडला असता," टॉम म्हणाला.

शेवटी मांस चांदीच्या कागदात गुंडाळून ओव्हनमध्ये गेलं. मला मांस चालत नाही म्हटल्यावर एस्तेरनं भात आणि मिरचीचं वाटण पुढे केलं. मुक्तानं चाखून डोळे पुसले आणि म्हणाली, "हे तर आपला ठेचा!" एस्तेर पहिल्यांदा हसली.

तिनं मला फोनवर तिकडचं घर दाखवलं. अंगणात एक रेडा बांधलेला होता, जाड शिंगांचा, शांत. इकडे बिछाना फिरला, की तिकडे त्याला कापायचं. त्याच्या पाठीवर बसून माणूस पलीकडे जातं, अशी त्यांची समजूत. मी तिला सांगितलं, आमच्याकडेही न्यायला येणारा देव रेड्यावर बसून येतो.

तिनं विचार केला. "आमच्यात बसायला मिळतं. तुमच्यात तो बसतो?"

"हो."

"मग तुमचं माणूस चालत जातं?"



मग टॉम मला पुढच्या खोलीत घेऊन गेला. दारावर टकटक करून तो मोठ्यानं म्हणाला, "दामारिस, डॉक्टर आलेत. स्टेशन चुकवून आलेत."

खिडकी सताड उघडी, हीटर बंद. पलंगावर थंडाव्याची गादी, जी अंत्यसंस्कार करणाऱ्या माणसांनी दिली होती. त्यांनी शरीर टिकवायचं औषधही दिलं होतं. घरात ठेवायला कायदा आड येत नाही, असं टॉम म्हणाला. दामारिसच्या अंगावर लाल विणलेली शाल होती. चेहरा लहान झाला होता, बाकी तीच. उशाशी कॉफीचा कप, त्यातून अजून वाफ येत होती.

"मला थोडा वेळ एकट्यानं बोलायचं आहे," मी म्हटलं.

"आजारी माणसाला एकटं सोडत नाहीत," एस्तेर म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. टॉम खिडकीशी उभा राहिला. मुक्ता दारात.

माझी तयारी फक्त दामारिसपुरती होती. मग मी पळवाट काढली. मी मराठीत बोलू लागलो. टॉमला आणि एस्तेरला कळणार नाही, आणि मुक्ता फोनमध्ये बघते आहे, असं मी स्वतःला पटवलं. फोन कधी आला, दादा काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळं सांगितलं. आवाज खाली ठेवला होता. पण ती खोली फारच लहान होती.

बोलून झालं. एस्तेरनं मान हलवली. "ही भाषा तिला येत नव्हती," ती म्हणाली. "तिला कळेल असं सांगा."

मग मी इंग्रजीत सांगितलं. ते जास्त अवघड होतं, कारण त्या भाषेत शब्द कमी लागले. "दामारिस, त्यांनी विचारलं होतं. ते थांबायला तयार होते. नको मीच म्हणालो. तू जो भात आणत होतीस, तो मी खोटं बोलून खाल्ला."

वाऱ्यानं पडदा आत आला आणि परत गेला. दारात मुक्ता नव्हती.

एस्तेर उठली, थंड झालेला कप उचलला, नवा कप भरून आणून ठेवला. मग तिनं सगळ्यांना आत बोलावलं, पाद्रीबाईंनासुद्धा, आणि विचारलं, "आता कुणासाठी थांबायचं आहे का?"

टॉमनं पलंगाचा पाय धरला आणि तसाच राहिला. त्याच्यानं तो हलवेना. "एक मिनिट," तो म्हणाला. "कपाट आड येतंय." कपाट आड येत नव्हतं. आम्ही सगळे थांबलो. पाच मिनिटं असतील, जास्तही. मग मुक्ता आली, डोळे लाल, आणि काही न बोलता टॉमच्या शेजारी वाकून तिनं पलंगाची दुसरी बाजू धरली. उशाकडे मी आणि एस्तेर. पलंगाची चाकं करकरली. दामारिसचं डोकं दक्षिणेकडे आलं.

तेव्हा एस्तेर मोठ्यानं रडली. अकरा दिवसांत त्या घरात कुणी रडलं नव्हतं. आजारी माणसासमोर रडत नाहीत.

जेवताना टॉम माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ तो चांदीच्या कागदातलं मांस उकरत होता. "तुमची ती गोष्ट," तो म्हणाला, "ती सगळ्यांना सांगायची. ज्या डॉक्टरसाठी त्याची माणसं थांबली नाहीत, त्याची. आजार वाढला तेव्हा मला म्हणाली, माझं तसं करू नकोस, एस्तेर येईपर्यंत ठेव. मी शब्द दिला. म्हणून आम्ही थांबलो."

"आणि ती गोष्ट खोटी होती."

टॉमनं खांदे उडवले. "मग आता एस्तेरला परत पाठवू का?"

मला हसू आलं, आणि लगेच मी तोंडावर रुमाल धरला.

परतीच्या गाडीसाठी फलाटावर उभे राहिलो. मुक्तानं दोन्ही हात वर करून गाडी थांबवली. आत बसल्यावर ती खिडकीकडे तोंड करून राहिली. भरती आली होती. सकाळची सगळी वाळू पाण्याखाली गेली होती.

लँकेस्टर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "मी काकांना लग्नाला बोलावला नाही."

"माहीत आहे."

"मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणाला, तुझी इच्छा. माझा इच्छा नव्हता तो, बाबा. तुम्ही दिलेला होता."

"हो."

"मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये." थोड्या वेळानं तिनं पिशवीतून सँडविच काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "पण गोळ्या घ्यायच्या आहेत तुम्हाला, तर खा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साताऱ्याला फोन लावला. दादा आता शहाऐंशी वर्षांचा आहे. मुक्ता टेबलाच्या पलीकडे बसली होती. मी फोन स्पीकरवर ठेवला आणि पाठ केल्यासारखं सगळं म्हणून दाखवलं.

दादा खोकला. "हे सांगायला फोन केलास?"

"हो."

"मग यात मला नवीन काय सांगितलंस? त्या फोनवर मीच होतो की रे."

मुक्ता हसली आणि हसतानाच रडू लागली.

"तू कुणाला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"कुणाला सांगू? आई दारात बसून होती, तू येशील म्हणून. तू नको म्हणालास हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? म्हटलं, बर्फ मिळाला नाही. तिनं मला महिनाभर बोल लावले. मग लावायची थांबली." तो पुन्हा खोकला. "तिकडे कोण रडतंय?"

"काका, मी मुक्ता."

"अगं, रडतेस काय? थंडी आहे का तिकडे?"

"खूप आहे, काका."

"मग ये इकडे. बापालाही आण. चालतो ना तो अजून?"

एप्रिलची तिकिटं काढली आहेत. ती काढण्याआधी मी दादाला आणखी एक गोष्ट सांगितली, की हा प्रवास मी लिहून काढणार आहे. आमचे नातेवाईक, शेजारी, वडिलांच्या तेराव्याला जमून ज्यांनी दादाकडे पाठ फिरवली ते, त्यांची मुलं, जे कुणी उरले असतील त्यांनी वाचावं म्हणून. दोष त्याचा नव्हता, माझा होता, हे माझ्या नावानिशी कागदावर असावं.

दादाला ते पसंत नव्हतं. झालं गेलं, आता कशाला, असं तो दोनदा म्हणाला. मी हट्ट सोडला नाही, तेव्हा थकून म्हणाला, "लिही बाबा, लिही. पण आईचं नाव घालू नकोस त्यात. तिला वाईट वाटेल."

आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी त्याला दुरुस्त केलं नाही. तिचं नाव मी इथे कुठेही घातलेलं नाही.